तारखांची उलटतपासणी घेणारे मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा क्षहरात राजा नहपान याचा जावई. त्याने लेणे भिक्षुसंघाला दिले आणि भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, एक हजार दुसऱ्या. व्याजाचा दरसुद्धा दगडावर कोरून ठेवला आहे. एवढा हिशेबी माणूस! पण तारीख म्हणून त्याने लिहिले काय, तर वर्ष ४२, महिना वैशाख. हे ४२ वे वर्ष शकाचे की नहपानाच्या राज्याचे, हे लेख सांगत नाही. तिथी नाही, वार नाही. त्यामुळे या बेचाळीसवर पंडितांचे वाद झाले आणि गणित करून ते मिटवण्याची सोय उरली नाही.

गणित करायला तारखेत काहीतरी पकडायला लागते. तिथी आणि वार एकत्र दिले असले, तर ती तारीख खरी की खोटी, कोणत्या शकाची, कोणत्या इंग्रजी दिवसाची, हे ताडून पाहता येते. हे काम हिंदुस्थानात ज्यांनी पद्धतशीर केले आणि दुसऱ्यांना करता यावे म्हणून कोष्टके बांधून ठेवली, त्यांत एका मराठी शाळामास्तरांचे नाव फार वरचे आहे. ते म्हणजे कैलासवासी शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाचे नाव पुष्कळांना ठाऊक असते, पण ‘ज्योतिष’ हा शब्द वाचून तो भविष्याचा ग्रंथ असावा अशा समजुतीने कपाटात परत ठेवणारेही पुष्कळ असतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

दीक्षितांचा जन्म १८५३ च्या जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरुड या समुद्रकाठच्या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले ते याच गावात. कर्वे दीक्षितांहून पाच वर्षांनी लहान. एवढ्याशा गावाने एका पिढीत अशी दोन माणसे दिली. दीक्षितांचे प्राथमिक शिक्षण गावी झाले, थोडे संस्कृतही तिथेच झाले. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. नावात कॉलेज असले तरी ती मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी संस्था होती. तेथील शिक्षण पुरे करून त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली आणि मास्तरकी पत्करली. पदवीचे कॉलेज त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळे काढून लिहिते आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पहिल्या वर्षी ग्रंथालयात जाड पुस्तके पाहिली की वाटे, ही लिहिणारी माणसे कॉलेजातच जन्मली असतील. त्यांतले एक सर्वांत जाड पुस्तक मॅट्रिक झालेल्या माणसाने, दिवसा शाळा शिकवून, लिहिले आहे हे कळल्यावर ते पुस्तक मला एकदम जवळचे वाटले.

रेवदंडा, ठाणे, बार्शी, मग धुळ्याचे ट्रेनिंग स्कूल आणि १८९४ पासून पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास. बदली झाली की बिऱ्हाड हलवायचे आणि त्याबरोबर पंचांगे, पोथ्या, कोष्टकेही हलवायची. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ लिहिली. १८९२ साली ‘ज्योतिर्विलास’ लिहून रात्रीचे आकाश साध्या मराठीत सामान्य माणसापुढे मांडले. परंतु या सर्व काळात त्यांचे मन एका अवघड प्रश्नात गुंतले होते. जुन्या लेखांत, ताम्रपटांत, ग्रंथांत ज्या तिथी दिलेल्या असतात त्यांना इंग्रजी तारखा कोणत्या?

हे अवघड का, ते थोडक्यात सांगते. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, रोज एकच बदलते. आपली तिथी घड्याळाला बांधलेली नाही. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल कमीजास्त असल्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटोपते, एखादी सव्वीस तास चालते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची म्हणायची. मग एखाद्या तिथीला सूर्योदयच मिळत नाही, ती क्षयतिथी. एखादीला दोन मिळतात, ती वृद्धितिथी. शिवाय अधिकमास आहेत. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीच्या एका शुद्ध द्वादशीचा वार काढायचा, तर त्या दिवशीच्या सकाळी सूर्य आणि चंद्र कुठे होते, हे काढावे लागते. त्यासाठी मराठीत एक साधन होते. प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली निघाली होती. दीक्षितांनी ती हाताशी घेतली आणि तिथीचा वार व इंग्रजी दिवस काढण्याची रीत बसवली. ती १८८७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रात इंग्रजीतून प्रसिद्ध झाली.

याच सुमारास डॉक्टर फ्लीट हे गुप्त राजांचे शिलालेख संपादित करीत होते. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त, स्कंदगुप्त ही नावे आज आपण शाळेत घोकतो. पण त्या वेळी हे राजे नेमके केव्हा झाले यावरच एकमत नव्हते. लेखांत गुप्तांचा स्वतःचा संवत् होता. तो कोणत्या साली सुरू झाला? कोणी इसवी सन ७८ म्हणत, कोणी १६६, कोणी १९०. अकराव्या शतकातला प्रवासी अल्बेरूणी याने मात्र हा संवत् शकाच्या २४१ वर्षांनंतरचा म्हणून नोंदवला होता. ७८ आणि २४१ मिळून ३१९. अल्बेरूणी खरा की हे विद्वान खरे? शंभर-दोनशे वर्षांचा फरक म्हणजे कालिदासापासून अजिंठ्यापर्यंत सारेच मागेपुढे होणार.

तेव्हा वार लिहिलेला लेख शोधणे आले. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ उभा आहे. मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी तो विष्णूच्या नावे उभारला. लेखात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार गुरुवार, असे सारे स्वच्छ दिले आहे. वार लिहिलेल्या आपल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. ३१९ धरून १६५ मिळवले की ४८४ येते. दीक्षितांनी गणित केले. इसवी सन ४८४ ची आषाढ शुद्ध द्वादशी २१ जूनला पडली आणि तो दिवस गुरुवार निघाला.

चंद्राचे गणित आपल्याला पेलण्यासारखे नाही, पण निदान वाराचे तरी कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येते. ४८४ च्या आधी पूर्ण झालेली वर्षे ४८३. वर्षात बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून दर वर्षाचा एक दिवस धरायचा : ४८३. लीप वर्षांचे जादा दिवस १२०. चालू वर्षातले १ जानेवारी ते २१ जून, ४८४ हे लीप वर्ष असल्यामुळे, १७३. बेरीज ७७६. सातांनी भागले की बाकी ६. जुन्या ज्यूलियन पद्धतीत सन १ चा १ जानेवारी शनिवार होता, म्हणून शनिवारपासून मोजत सहावा वार : गुरुवार. मी हे तीनदा करून पाहिले. दीड हजार वर्षांपूर्वी एरणला कोणीतरी छिन्नीने कोरलेला वार आपल्या वहीत उतरतो तेव्हा अंगावर काटा येतो, हे कबूल केले पाहिजे.

येथे एक शंका विचारी वाचकाला यावी. वार सातच आहेत. चुकीचे वर्ष धरले तरी सातांत एकदा वार योगायोगाने जुळणारच. शंका बरोबर आहे. म्हणूनच एका लेखावर न थांबता अनेक लेख तपासले गेले. त्यांतला वेरावळचा लेख मला सर्वांत आवडतो. अर्जुनदेव वाघेल्याच्या राज्यात होर्मुझच्या एका मुसलमान जहाजमालकाने सोमनाथजवळ मशिदीला जमीन दिली, त्याचा हा संस्कृत लेख. यात हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह संवत् १५१, असे चार शक एकत्र दिले आहेत; तारीख आषाढ वद्य त्रयोदशी, रविवार. वलभी संवत् म्हणजेच गुप्त संवत्. ९४५ मध्ये ३१९ मिळवले की १२६४. त्या वर्षी ही तिथी २५ मे रोजी, आणि वार रविवार.

पण मे महिन्यात आषाढ वद्य? आपल्याकडे तर तेव्हा ज्येष्ठ वद्य असते. खुबी इथेच आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच, वद्य पक्षाला मात्र उत्तरेत पुढच्या महिन्याचे नाव. लेख त्या रीतीने लिहिला आहे. आपल्या रीतीने वाचला तर तारीख महिनाभर पुढे जाते आणि रविवार जुळत नाही. असेच दुसरे फसवे ठिकाण म्हणजे गत आणि वर्तमान वर्ष. शक ११०० म्हणजे अकराशे वर्षे संपली की अकराशेवे चालू आहे? दोन्ही प्रकारे लिहिणारे लोक होते. दीक्षितांनी या सर्व रीती प्रांताप्रांतांतून, पंचांगे आणि ग्रंथ पालथे घालून, गोळा केल्या होत्या. गणित येणारे त्या काळीही होते, लेख वाचणारेही होते. दीक्षितांना दोन्ही येत होते आणि लोक महिना कसा मोजतात हेही ठाऊक होते; त्यांचा खरा अधिकार इथे होता असे मला वाटते.

फ्लीटसाहेबांचा ग्रंथ १८८८ साली कलकत्त्याहून निघाला. त्यातली काळाची आकडेमोड दीक्षितांची, आणि तिथी काढण्याची त्यांची रीत त्याला परिशिष्ट म्हणून जोडलेली. म्हणजे गुप्तकाळाचा पाया ठरला त्यात मराठी शाळेच्या एका मास्तरांचा आणि केरूनाना छत्र्यांच्या मराठी कोष्टकांचा वाटा आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात गुप्तांचे साल असते, ते कोणी काढले हे नसते.

त्याच ग्रंथाला दीक्षितांचे आणखी एक परिशिष्ट आहे, गुरूच्या बारा वर्षांच्या चक्राविषयी. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत महावैशाख, महाअश्वयुज अशी संवत्सरांची नावे येतात. गुरू सूर्याच्या तेजातून बाहेर पडून पहाटे पुन्हा दिसू लागतो, त्या उदयावरून ही नावे पडतात, हे त्यांनी गणिताने दाखवले. गुरूचे चक्र नाशिककराला समजावून सांगायला नको. गुरू सिंहेत आला की आपला सिंहस्थ. मात्र गुरूची फेरी बरोबर बारा वर्षांची नसून ११.८६ वर्षांची आहे. थोडी थोडी घाई साचत जाऊन सुमारे पंचाऐंशी वर्षांत तो एक रास पुढे निघतो. म्हणून सिंहस्थ कधी कधी अकरा वर्षांनीही येतो. १९९१, २००३, २०१५ अशी बारा-बाराची ओळ पाहून हा नियम अढळ आहे असे कोणी समजू नये.

‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८८८ च्या सुमारास लिहून झाला. दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक त्याला मिळाले. छापून बाहेर पडला तो १८९६ साली पुण्यात. वेदकाळ, वेदांगकाळ आणि पुढे सिद्धांतकाळ असा क्रम धरून आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापासून स्वतःच्या काळापर्यंतच्या ज्योतिषांचा काळ, गाव, ग्रंथ आणि त्यांच्या गणिताची परीक्षा त्यात आहे. आपल्या शेजारच्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या वंशजांचा शिलालेख आहे, त्याचीही हकीगत त्यात येते. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली रचलेला ‘ग्रहलाघव’, ज्यावरून महाराष्ट्रातली पंचांगे पिढ्यान्‌पिढ्या होत आली, त्याची तारीफ आणि त्याची झीज दोन्ही दीक्षित सांगतात. कोणाला थोर म्हणायचे झाले तरी आधी त्याचे गणित तपासायचे, ही त्यांची रीत आहे.

हीच रीत त्यांनी वेदालाही लावली. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे सांगितले आहे. आज नाशिकहून पाहिले तर कृत्तिकांचा पुंजका पूर्वेच्या पुष्कळ उत्तरेला उगवतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरत असल्यामुळे असे होते. तेव्हा कृत्तिका बरोबर पूर्वेला केव्हा उगवत होत्या? गणित इसवी सनापूर्वी तीन हजारच्या सुमाराला जाते. हे अनुमान त्यांनी १८९५ मध्ये मांडले. टिळकांचा ‘ओरायन’ त्याआधी दोन वर्षे आलेला होता. या काळनिर्णयावर पुढे विद्वानांनी पुष्कळ आक्षेप घेतले. त्या एका वाक्याचा अर्थ एवढा काटेकोर घ्यावा का, हा त्यांतला मुख्य. मला स्वतःला हा आक्षेप वजनदार वाटतो.

पंचांगाच्या वादात दीक्षित सायनपक्षाचे. मकर संक्रांत म्हणजे सूर्याचे उत्तरायण सुरू होण्याचा दिवस. पण सूर्य प्रत्यक्ष उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला, आता कधी कधी १५ ला. सुमारे बाहत्तर वर्षांत एक दिवस असा हा फरक वाढत चालला आहे. असाच वाढू दिला तर काही हजार वर्षांनी संक्रांत उन्हाळ्यात येईल. सण ऋतूंना धरून असावेत, म्हणून विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांग काढले. लोकांनी ते घेतले नाही. सण बदलणे म्हणजे आजीच्या सवयीला हात घालणे, ते गणिताने साधत नाही. तरी स्वतंत्र भारतात डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, तिचे वर्ष सायनच आहे. आकाशवाणीवर तिची तारीख सांगितली जाते. घरोघरी मात्र भिंतीवर निरयन पंचांगच टांगलेले असते.

१८९६ या एकाच वर्षी दीक्षितांचे दुसरे मोठे पुस्तक लंडनहून निघाले. मद्रास इलाख्यातले निवृत्त अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेले ‘द इंडियन कॅलेंडर’. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंत, सोळाशे वर्षांतल्या प्रत्येक वर्षाचा आरंभ, अधिकमास, क्षयमास आणि तिथीच्या गणिताला लागणारे आकडे त्यात आहेत. संशोधकांपुरते ते नव्हते. सरकारी कचेऱ्या आणि न्यायकोर्टे यांच्या उपयोगासाठीही ते केले होते. जमिनीच्या खतावर, कर्जरोख्यावर तिथी लिहिलेली असे. ती तिथी त्या वारी खरोखर होती का, हे कोर्टाला आता पाहता येऊ लागले. खोटा दस्तऐवज करणारा कागद जुना करील, शाई फिकी करील, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या वद्य सप्तमीचा वार त्याला कसा साधावा?

आता आमच्या पिढीपुढे संगणक आहे. कॉलेजच्या संगणककक्षात एक्सेलच्या तक्त्यात मी तारखांचे गणित करून पाहिले. तत्त्व तेच आहे, ज्याला आपले जुने ज्योतिषी अहर्गण म्हणत : एक आरंभाचा दिवस धरायचा आणि तिथून दिवस मोजत यायचे. ज्योतिष्यांचा आरंभ कलियुगाचा, इसवी सनापूर्वी ३१०२ च्या १८ फेब्रुवारीचा, शुक्रवार. तेथपासून १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत १८,४३,९४७ दिवस होतात. सातांनी भागा, बाकी शून्य, म्हणजे पुन्हा शुक्रवार. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ म्हणतो. तारखेच्या घराचे स्वरूप बदलून साधी संख्या केली की १५ ऑगस्ट १९४७ च्या जागी १७३९४ दिसते. सातांनी भागून बाकी ६. रविवारला १ धरून शुक्रवार. एका तारखेतून दुसरी वजा केली की मधले दिवस मिळतात ते याचमुळे.

ज्यांना हे करायचे असेल त्यांनी आधी यंत्राच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत निवडावा, नाहीतर अमेरिकन रीतीने ते महिना आधी वाचते आणि ५ जूनचे ६ मे करून टाकते. तारीख घराच्या उजव्या कडेला चिकटली तर यंत्राने तारीख म्हणून घेतली. डाव्या कडेला राहिली तर ती त्याच्या लेखी नुसती अक्षरे. आणखी एक : एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे, आकाशात आणि कॅलेंडरात ती कधी नव्हती. म्हणून १ मार्च १९०० च्या आधीचे वार तो एकाने चुकवतो. १९०० च्या मागे तर तो जातच नाही. दीक्षितांचे जन्मवर्ष १८५३. त्यातली कोणतीही तारीख घातली तरी डाव्या कडेला. दीक्षितांची कोष्टके १९०० ला संपतात आणि या तक्त्याचे दिवस १९०० ला सुरू होतात! काही दुसरे प्रोग्रॅम मागे जातात, पण त्यांतले काही आजचा ग्रेगोरियन नियम मागे ओढत नेतात. त्यांना २१ जून ४८४ विचारले तर ते बुधवार सांगतील आणि एरणचा कारागीर खोटा ठरेल. १५८२ च्या मागच्या तारखेला आधी विचारावे, ही ज्यूलियन की ग्रेगोरियन?

या रीतीचा माझ्या घरी उपयोग झाला तो सांगते. आमचे गाव सिन्नर तालुक्यात. आमच्या वडिलांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जूनच. मास्तरांनी वय अंदाजाने पाहून लिहून टाकलेली. आजीला सन ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे ते एवढे : पोळ्याचा दिवस होता, वार बृहस्पतवार, दिवेलागण झाली होती, आणि दुष्काळामुळे बैल विकले होते म्हणून त्या पोळ्याला दारात बैल नव्हता. घरात हे सगळे आजीची गोष्ट म्हणून ऐकत. मला मात्र त्यात तिथी आणि वार दोन्ही दिसले. आमच्याकडे पोळा श्रावण अमावास्येला. १९७० सालचा पोळा सोमवारी, १९७१ चा शुक्रवारी २० ऑगस्टला, १९७२ चा गुरुवारी ७ सप्टेंबरला. १९७३ ची अमावास्या सोमवार-मंगळवारची, १९७४ ची शनिवारची, १९७५ ची शुक्रवारची. दुष्काळाच्या आगेमागे गुरुवारचा पोळा एकच. दिवेलागणीची वेळ असल्यामुळे मध्यरात्रीनंतर आपला वार जुनाच आणि इंग्रजी तारीख नवी, ही अडचणही नाही. जुनी पंचांगे मिळाली नाहीत तर एक सोपी युक्ती आहे : दर एकोणीस वर्षांनी तिथी जवळजवळ त्याच इंग्रजी तारखेला परत येते. १९९१ ची श्रावण अमावास्या ८ सप्टेंबरला होती, १९७२ ची ७ ला. एका दिवसाचा फरक पडतो, तो वार लावून काढून टाकायचा.

वडिलांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, दाखल्यावर थोडेच बदलणार आहे! ते खरेच. पण आजी खूष झाली. तिची आठवण सरकारी कागदापेक्षा पक्की निघाली.

दीक्षितांकडे असला तक्ता नव्हता. दिवसा वर्ग, रात्री दिव्याखाली आकडेमोड, आणि एका तिथीसाठी सूर्य-चंद्राची कोष्टके उलटसुलट चाळून बेरजा-वजाबाक्या. एका अंकाची चूक म्हणजे सगळे पान पुन्हा. असे त्यांनी किती लेखांसाठी केले असेल! ट्रेनिंग कॉलेजात असतानाच, दोन्ही मोठे ग्रंथ छापून झाल्यावर दोन वर्षांच्या आत, २० एप्रिल १८९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये आणि इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर बाहेरच्या संशोधकाला तो मराठीतूनच वाचावा लागे.

त्यांच्या मृत्यूचा वार ज्याला पाहायचा असेल त्याने एक्सेल बाजूला ठेवून कागद घ्यावा. ग्रेगोरियन पद्धतीत पहिल्या सोळाशे वर्षांची बाकी शून्य येते. १६०१ ते १८९७ ही वर्षे २९७. लीप दिवस ७४, त्यांतून १७०० आणि १८०० हे दोन वजा, म्हणजे ७२. चालू वर्षाचे ११०. बेरीज ४७९, बाकी ३. रविवारला शून्य धरून, बुधवार.